ग्लायडरच्या पंखासाठी साहित्य कसे निवडावे?



शाळेच्या विज्ञान मंडळाने यंदा दोन मीटर पंखविस्ताराचा ग्लायडर स्वतः बांधण्याचे ठरवले आहे. मुलांनी साहित्याची यादी करून दिली, तेव्हा तिच्यात जवळजवळ प्रत्येक ओळीत 'कार्बन फायबर' हा शब्द होता. ही यादी पालक-शिक्षक सभेपुढे ठेवल्यावर तीन प्रश्न आले. इतके महाग साहित्य खरोखर लागते का? ही रसायने मुलांच्या हाती देणे योग्य आहे का? आणि तयार पंख विकत मिळत असताना ते का घेऊ नयेत? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. खरेदीला परवानगी देण्यापूर्वी त्यांची उत्तरे सर्वांना समजावीत, म्हणून हा लेख.

सांगायचे आहे ते थोडक्यात असे. पंखाच्या प्रत्येक भागाचे काम वेगळे असते. ते काम ओळखले की कोणता जिन्नस कुठे हवा हे आपोआप ठरते. महाग जिन्नस सगळीकडे लावला म्हणून पंख चांगला होत नाही, आणि स्वस्त जिन्नस चुकीच्या जागी लावला तर तो आकाशात मोडतो.

कंपोझिट म्हणजे काय?

पाठ्यपुस्तकात याला 'संमिश्र पदार्थ' म्हणतात. कल्पना मात्र जुनी आहे. माळव्यातल्या मातीच्या घरांच्या भिंतींना लिंपण करताना मातीत गव्हाचा भुसा कालवत. नुसती माती वाळली की तडकते, नुसता भुसा तर उडूनच जातो. दोन्ही एकत्र आले की भुशाचे धागे ताण घेतात आणि माती त्यांना जागेवर धरून ठेवते.

आधुनिक कंपोझिटमध्ये भुशाच्या जागी काचेचे किंवा कार्बनचे तंतू असतात आणि मातीच्या जागी रेझिन. जर्मनीत स्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांच्या गटाचा 'फिनिक्स' हा ग्लायडर २७ नोव्हेंबर १९५७ रोजी उडाला. काचतंतूंनी बांधलेला तो पहिला ग्लायडर. त्याच्या पंखात हलक्या बाल्सा लाकडाचा गाभा होता आणि त्यावर काचतंतू व रेझिनचे आवरण. पुढे १९७२ मध्ये ब्राउनश्वाइगच्या विद्यार्थ्यांनी २९ मीटर पंखविस्ताराचा 'एसबी-१०' बांधला आणि त्याच्या पंखाच्या मधल्या भागात, जिथे बाक सर्वात जास्त असतो तिथे, कार्बन तंतू वापरले. आपल्याकडे बंगळुरूच्या नॅशनल एअरोस्पेस लॅबोरेटरीजचे 'हंस' हे काचतंतूंचे छोटे विमान १९९३ मध्ये प्रथम उडाले. यांतली पहिली दोन कामे विद्यार्थ्यांच्या हातची आहेत, हे आपल्या मुलांनी लक्षात ठेवावे.

पंखावर भार किती येतो?

आपला ग्लायडर तयार झाल्यावर सुमारे ९०० ग्रॅमचा असेल. शांतपणे तरंगताना पंखांना एवढेच वजन उचलायचे असते. पण रबराच्या दोरीने वर खेचताना किंवा जोरात वळण घेताना पंखावरचा भार अनेक पटींनी वाढतो. आपण सुरक्षिततेसाठी दसपट धरू. म्हणजे दोन्ही पंखांवर मिळून ९ किलो, एका पंखावर साडेचार किलो.

हा साडेचार किलोचा भार मुळापासून टोकापर्यंत पसरलेला असतो. हिशोबासाठी तो मुळापासून सुमारे ४२ सेंटिमीटरवर एकवटला आहे असे मानता येते. म्हणून पंखाच्या मुळाशी बाक येतो ४.५ × ४२ = १८९ किलो-सेंटिमीटर.

आता पंखाची जाडी पाहा. मुळाशी रुंदी २० सेंटिमीटर आणि जाडी तिच्या ९ टक्के, म्हणजे १८ मिलिमीटर. हा बाक पेलायला पंखाच्या आत वर एक आणि खाली एक अशा दोन पट्ट्या असतात. त्यांच्यातले अंतर सुमारे १६ मिलिमीटर, म्हणजे १.६ सेंटिमीटर. १८९ ला १.६ ने भागले की उत्तर येते ११८ किलो.

९०० ग्रॅमच्या खेळण्यातल्या एका बारीक पट्टीवर ११८ किलोचा जोर! वरची पट्टी तेवढ्या जोराने दाबली जाते आणि खालची तेवढ्याच जोराने ताणली जाते. दहावीच्या मुलांनी हा हिशोब वहीत करून पाहावा. पंख जाड केला तर हा जोर कमी होतो, पातळ केला तर वाढतो, हेही आकडे बदलून दिसेल.

कणा: कार्बन की बांबू?

या दोन पट्ट्या आणि त्यांना जोडणारी उभी भिंत मिळून पंखाचा कणा होतो. याला 'स्पार' म्हणतात.

कार्बनची १ × ५ मिलिमीटरची तयार पट्टी घेतली तर तिचा छेद ५ चौरस मिलिमीटर. ११८ किलोचा जोर त्यावर आला तर दर चौरस मिलिमीटरला सुमारे २४ किलो. चांगली पट्टी याच्या दुपटीहून जास्त दाब सोसते, फक्त ती बाजूला सटकू किंवा वाकू नये.

बांबूचा हिशोबही करू. चांगला वाळलेला बांबू दर चौरस मिलिमीटरला साधारण ५ किलो दाब सोसतो. ३ × १० मिलिमीटरच्या कामटीचा छेद ३० चौरस मिलिमीटर, म्हणजे तिच्यावर दाब ४ किलोच्या आत. बांबू पुरतो. संक्रांतीला पतंगाच्या कामट्या तासणाऱ्या हातांनी ग्लायडरचा कणाही बनू शकतो.

मग फरक कुठे? वजनात. दोन्ही पंखांसाठी एक मीटरच्या चार पट्ट्या लागतात. कार्बनच्या चार पट्ट्यांचे वजन सुमारे ३१ ग्रॅम, बांबूच्या चारांचे सुमारे ८४ ग्रॅम. कामटी टोकाकडे तासून निमुळती केली तर वजन बरेच उतरते, कारण टोकाकडे बाक कमी असतो. तरी बांबू जडच राहील. शिवाय प्रत्येक कामटी वेगळी निघते, पेर कुठे येते हे पाहावे लागते. कार्बनची पट्टी सगळीकडे सारखी असते.

एक जागा अशी आहे जिथे कार्बनच घ्यावा असा माझा आग्रह आहे. आपला पंख दोन तुकड्यांत असेल, नाहीतर तो स्कूटरवरून मैदानावर नेता येणार नाही. दोन तुकडे मधे एका सळईने जोडले जातात आणि सगळा बाक त्या सळईतून जातो. ८ मिलिमीटरची साधी लोखंडी सळई या भाराला वाकते आणि वाकलेलीच राहते. तेवढ्याच जाडीची भरीव कार्बन सळई तो भार सोसते. २० सेंटिमीटर लांबीला लोखंडाचे वजन सुमारे ७९ ग्रॅम होते, कार्बनचे १६ ग्रॅमच्या आत.

पट्ट्यांमधली उभी भिंतही विसरू नका. ती नसेल तर वरची पट्टी मऊ गाभ्यात दबून मोडते. भिंतीसाठी बाल्सा लाकूड पुरते, पण त्याचे रेषे उभे हवेत, पंखाच्या लांबीच्या दिशेने आडवे नकोत.

गाभा: थर्माकोल आणि त्याचा भाऊबंद

गाभ्याचे काम आकार देणे आणि आवरणाला आधार देणे एवढेच. त्यासाठी हलका फोम हवा. आपल्या दोन्ही पंखांचे घनफळ मिळून सुमारे ३.८ लिटर आहे. दर घनमीटरला २० किलो वजनाचा दाट थर्माकोल वापरला तर गाभा ७६ ग्रॅमचा होईल. निळा किंवा गुलाबी इन्सुलेशन फोम साधारण ३२ किलोचा असतो. त्याचा गाभा सुमारे १२० ग्रॅम होईल, पण तो जास्त टणक असतो आणि त्याचे मणी सुटत नाहीत.

खरेदी करताना थर्माकोल तोलून घ्यावा. एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर जाड पाट ५०० ग्रॅमच्या आसपास भरला तर तो आपल्या कामाचा. २५०-३०० ग्रॅम भरला तर तो पॅकिंगचा हलका माल. त्याचे मणी तारेने कापताना निखळतात.

सजावटीच्या दुकानात मात्र थर्माकोल शोधू नका. १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आहे. छतांच्या आणि शीतगृहांच्या इन्सुलेशनचे काम करणाऱ्यांकडे पाट मिळतात. त्यांच्याकडचे उरलेले तुकडेही आपल्याला पुरतात. काम झाल्यावर राहिलेला चुरा पोत्यात भरून ठेवावा, जाळू नये.

आवरण: उरेब कापडाचे रहस्य

पंखाला बाकाबरोबर पीळही बसतो. वेग वाढला की पंखाची पुढची कड वर किंवा खाली पिळू पाहते. बाक कणा सोसतो, पीळ मात्र आवरणाने सोसायचा असतो.

ज्या पालकांच्या घरी शिवणकाम होते त्यांना हे चटकन कळेल. कापड उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या दिशेने ओढले तर ताणत नाही. उरेब, म्हणजे तिरके ओढले की लगेच ताणते. पीळ पंखाच्या आवरणाला तिरकेच ओढतो. म्हणून काचेचे कापड पंखावर ४५ अंशांनी फिरवून, म्हणजे धागे तिरके करून लावावे. धागे ओढीच्या दिशेत आले की पीळ अडतो. कापड तेच, किंमत तीच, फक्त कात्री तिरकी चालवायची. उरेब कापताना कापड जास्त वाया जाते, एवढेच लक्षात ठेवून खरेदी करावी.

कापडाचे वजन महत्त्वाचे. आपल्या पंखांची वरची-खालची मिळून पृष्ठे ०.७२ चौरस मीटर आहेत. दर चौरस मीटरला ४९ ग्रॅमचे बारीक काचकापड दोन थरांत लावले आणि कापडाइतकेच रेझिन धरले, तर आवरण सुमारे १४० ग्रॅमचे होते. आता पाण्याच्या टाक्या आणि गाड्यांचे बंपर बनवणारे वापरतात ती जाड चटई पाहा. ती ३०० ग्रॅमची असते आणि दुपटीहून जास्त रेझिन पिते. तिचा एकच थर ७०० ग्रॅमच्या घरात जाईल. अख्ख्या ग्लायडरचे वजन आपण ९०० ग्रॅम धरले आहे!

आवरणही कार्बनचे का करू नये, असे अकरावीच्या मुलांनी विचारले. काच आणि कार्बन यांच्या तंतूंची ताकद साधारण सारखीच असते. कार्बनचा ताठपणा मात्र काचेच्या सुमारे तिप्पट. कण्यात ताठपणाची गरज आहे, म्हणून तिथे कार्बन. आवरणाला मैदानावर दगड लागतात, मुलांचे अंगठे लागतात. काच मोडण्यापूर्वी जास्त ताणते, म्हणून तिथे ती बरी. शिवाय कार्बन वीजवाहक असल्याने रेडिओलहरी अडवतो. रिसीव्हरचा अँटेना कार्बनच्या आड गेला तर ग्लायडर हातचा जातो. कण्याच्या पट्ट्यांपासूनही अँटेना दूर ठेवायचा आहे.

रेझिन: इथे चूक चालत नाही

बाजारात दोन प्रकारची रेझिने सहज मिळतात, पॉलिएस्टर आणि इपॉक्सी. टाक्या-बंपरवाल्यांकडे असते ते बहुधा पॉलिएस्टर. ते स्वस्त आहे, पण त्यातले स्टायरीन थर्माकोल विरघळवते. सुंदर कापलेला गाभा डोळ्यांदेखत बसतो. त्याच्याबरोबर येणारे प्रवेगक आणि उत्प्रेरक चुकून थेट एकमेकांत मिसळले तर स्फोट होऊ शकतो. म्हणून पॉलिएस्टर शाळेत आणायचे नाही, असा नियम केला आहे. फेविक्विकही थर्माकोल खाते. फेव्हिकॉल आणि अरल्डाइट चालतात.

आपण इपॉक्सी वापरणार आहोत. अभियांत्रिकी महाविद्यालयांत एलवाय ५५६ हे रेझिन आणि एचवाय ९५१ हे हार्डनर ही जोडी नेहमी वापरतात. तिचे प्रमाण वजनाने १०० ला १०. म्हणजे ३० ग्रॅम रेझिनला ३ ग्रॅम हार्डनर. इथे अंदाज चालत नाही, एक दशांश ग्रॅम दाखवणारा काटा हवा. 'थोडे जास्त हार्डनर घातले की लवकर वाळेल' हा समज पॉलिएस्टरवाल्यांकडून आला आहे. इपॉक्सीत तसे केले तर ते नीट कडक होत नाही. दुसरी जोडी मिळाली तर तिच्या डब्यावर लिहिलेले प्रमाणच पाळावे.

एका वेळी ३०-४० ग्रॅमच कालवावे आणि पसरट ताटलीत ठेवावे. खोल पेल्यात जास्त रेझिन कालवले तर ते स्वतःच्या उष्णतेने तापते आणि धुरावते. मे महिन्यात इंदूरच्या उन्हाळ्यात ते हातातच घट्ट होईल. पावसाळ्यात ओलीमुळे पृष्ठभाग चिकट राहतो. दिवाळीनंतर दुपारच्या उबेत हे काम उत्तम होते.

कापड ओले दिसावे, पण चकाकू नये. चकाकते आहे तिथे जास्तीचे रेझिन आहे, ते कागदाने टिपून घ्यावे. मग वर पातळ पॉलिएस्टर फिल्म ठेवून, फोमच्या कापून उरलेल्या साच्यात पंख दाबून, वरून सारखे वजन द्यावे. एक दिवस हलवू नये. पूर्ण ताकद यायला आठवडा लागतो.

आणि पंख पांढराच ठेवावा. साध्या तापमानाला कडक झालेले इपॉक्सी ५०-६० अंशांना मऊ पडू लागते. गडद रंगाचा पंख उन्हात सहज तेवढा तापतो आणि वाकडा होतो. माणसे बसतात ते काचतंतूंचे मोठे ग्लायडरही याच कारणाने पांढरे असतात.

माल कसा पारखावा?

काचकापड: मोटार वाइंडिंगच्या आणि इलेक्ट्रिकल इन्सुलेशनच्या दुकानांत काचकापड मिळते. पण विणताना त्याच्या धाग्यांना खळ दिलेली असते. ती असेल तर रेझिन धाग्याला नीट धरत नाही. एक धागा ओढून ज्योतीवर धरावा. धूर निघून धागा तपकिरी झाला तर खळ आहे, ते कापड घेऊ नये. दुकानदाराला 'इपॉक्सीसाठी सायलेन फिनिश' असे स्पष्ट विचारावे. वजनाची खात्री करायची तर ५० × ४० सेंटिमीटरचा तुकडा तोलावा. ४९ ग्रॅमचे कापड असेल तर काटा १० ग्रॅमच्या जवळ थांबेल. सराफ्यातला काटा यासाठी उत्तम.

कार्बन: काळे दिसते ते सगळे कार्बन नसते. काळा रंग दिलेली काचतंतूंची सळई आणि कार्बनच्या नक्षीची चिकटपट्टी, दोन्ही 'कार्बन' म्हणून विकल्या जातात. सळईचे दोन्ही शेवट घासून मल्टिमीटर लावावा. वीज वाहिली तर कार्बन, नाही वाहिली तर परत करावे. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मल्टिमीटर आहेच. पट्ट्या आणि सळया मुंबई, दिल्ली, बंगळुरूच्या मॉडेल साहित्याच्या दुकानांतून टपालाने मागवता येतात. तिरंदाजीचे मोडलेले कार्बन बाण मिळाले तर त्यांच्या नळ्या छोट्या जोडांना उपयोगी पडतात. चिरलेला भाग मात्र कापून टाकावा.

चटई: ती स्वस्त म्हणून कोणी देऊ केली तरी घेऊ नये. वजनाचे कारण वर आलेच. शिवाय तिचे तंतू ज्या द्रव्याने धरलेले असतात, ते बहुधा पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीननेच सुटते. इपॉक्सीत ती नीट भिजत नाही.

पालकांसाठी: सुरक्षिततेचे नियम

इपॉक्सीचा खरा धोका वासाचा नाही, त्वचेचा आहे. काहींना वारंवार स्पर्शाने त्याची ॲलर्जी होते, आणि एकदा झाली की ती बहुधा आयुष्यभर राहते. उद्या त्या मुलाला याच क्षेत्रात नोकरी करायची असेल तर वाट बंद होते. म्हणून पुढील नियमांत सवलत मिळणार नाही.

१. रेझिनचे काम फक्त अकरावी-बारावीचे विद्यार्थी शिक्षकांसमोर करतील, आणि तेही पालकांच्या लेखी संमतीने. दमा किंवा त्वचेचा विकार असलेल्या मुलांनी आधी कळवावे. त्यांना दुसरे काम मिळेल.

२. नायट्रिलचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि चष्मा आवश्यक. रेझिन अंगाला लागले तर साबण-पाण्याने धुवावे. थिनर किंवा ॲसिटोन त्वचेला लावू नये. त्याने रेझिन अधिक आत जाते.

३. काच आणि कार्बन कोरडे घासायचे नाहीत. पाणी लावून घासायचे, तोंडावर चांगला मास्क ठेवायचा. कार्बनची धूळ विजेच्या उपकरणांतही बिघाड करते.

४. तापलेल्या तारेने फोम कापणे फक्त उघड्या व्हरांड्यात. तार लाल होऊ द्यायची नाही.

५. उरलेले रेझिन मोरीत ओतायचे नाही. ते घट्ट झाल्यावरच कचऱ्यात टाकायचे.

६. ग्लायडर विजेच्या तारांपासून दूर मोकळ्या मैदानावरच उडवायचा. तारेत अडकलेला ग्लायडर काढायला कोणीही जायचे नाही. कार्बनमधून वीज वाहते.

सहावी ते आठवीच्या मुलांना हिरमोड वाटू नये. थर्माकोलच्या गाभ्यावर पाणी घातलेल्या फेव्हिकॉलने ब्राउन पेपर चिकटवला की तोही कंपोझिटच. कागदातले तंतू ताण घेतात, फेव्हिकॉल त्यांना धरून ठेवतो. आत बांबूची कामटी घातली की छोट्या ग्लायडरचा उत्तम पंख होतो. त्यात रेझिनचा थेंबही लागत नाही.

उडवण्यापूर्वी परीक्षा

पंख तयार झाला की तो उलटा करून मधे आधार द्यावा आणि त्यावर पाव किलो वाळूच्या पुड्या ठेवत जावे. एका बाजूला अठरा, दुसऱ्या बाजूला अठरा. मुळाकडे जास्त, टोकाकडे कमी. एकूण ९ किलो, म्हणजे आपण धरलेला दसपट भार. प्रत्येक चार पुड्यांनंतर टोक किती खाली आले ते पट्टीने मोजून वहीत लिहावे. करकर ऐकू आली तर थांबावे. भार काढल्यावर टोक पूर्वीच्या जागी परत आले पाहिजे. जो पंख जमिनीवर ही परीक्षा देत नाही, तो आकाशात जाणार नाही.

तयार पंख का नाही?

विश्वस्तांच्या या प्रश्नाचे उत्तर वरच्या परिच्छेदांतच आहे. तयार पंख उडेल, पण ११८ किलोचा हिशोब त्याच्यासोबत येत नाही. उरेब कापडाचे कारण येत नाही, दुकानदाराला मल्टिमीटर लावून प्रश्न विचारण्याची सवयही येत नाही. आणि तयार पंख मोडला तर तो का मोडला हे कोणालाच सांगता येणार नाही.

म्हणून विज्ञान मंडळाने सुधारलेली यादी अशी केली आहे: कार्बनच्या १ × ५ मिलिमीटरच्या, एक मीटर लांबीच्या चार पट्ट्या, ८ मिलिमीटरच्या भरीव सळईचा २० सेंटिमीटर तुकडा, ४९ ग्रॅमचे काचकापड दोन ते सव्वादोन चौरस मीटर, सर्वात लहान मापाचा इपॉक्सीचा संच, एक दाट फोमचा पाट, थोडे बाल्सा, हातमोजे, मास्क आणि छोटा काटा. मूळ यादीतले कार्बन कापड वगळले आहे. नववीचा गट याच मापाचा दुसरा पंख बांबूच्या कण्यावर बांधील. कामट्या तेच तासतील, त्यावरचे काचकापड आणि रेझिन मात्र अकरावीचे विद्यार्थीच लावतील. दोन्ही पंखांची वाळूच्या पुड्यांची परीक्षा एकाच दिवशी, सर्वांसमोर होईल.

दुकानांतून आलेले दर सूचना फलकावर लावले जातील. संमतीपत्रे वर्गशिक्षकांकडे मिळतील. ज्या पालकांचा इन्सुलेशन, मोटार वाइंडिंग किंवा सुतारकामाशी संबंध आहे त्यांनी मालाची पारख करायला एखाद्या शनिवारी मुलांबरोबर यावे, ही विनंती. आणि ज्या आजी-आजोबांना जुना बांबू ओळखता येतो, त्यांचे तर विशेष स्वागत आहे.

आपला,
प्राचार्य